दशांश मिलिमीटरचा पत्रा

मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर आहे. १:४८ या प्रमाणात त्याची प्रतिकृती केली की तेच अंतर १४.९ सेंटिमीटर होतं आणि विमान तळहातावर मावतं. लांबीला ४८ ने भागायचं, उंचीला भागायचं, चाकाच्या व्यासाला भागायचं. जाडीला मात्र तसं भागता येत नाही. प्लास्टिकची विमानं जुळवणाऱ्या प्रत्येकाची खरी अडचण तिथे सुरू होते.

खऱ्या विमानाच्या अंगावरचा पत्रा एक-दोन मिलिमीटरचा असतो. ४८ ने भागलं तर मिलिमीटरचा पन्नासावा किंवा फार तर पंचविसावा हिस्सा उरतो. एवढी पातळ भिंत प्लास्टिकमध्ये ओतता येत नाही. पॉलिस्टायरीन वितळवून दाबाने पोलादी साच्यात सोडतात. साचा त्या मानाने थंड असतो, त्यामुळे फट फार अरुंद असेल तर प्लास्टिकचा रस टोकापर्यंत पोचायच्या आतच थिजतो. शिवाय गार झालेला भाग न तुटता सुटून यावा म्हणून त्याच्या कडा थोड्या तिरप्या ठेवाव्या लागतात. या दोन कारणांनी संचातल्या भागांची जाडी मिलिमीटरच्या आसपास राहते. आता उलटा हिशेब करून पाहा. एक मिलिमीटर गुणिले ४८ म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर. चाकं आत गेल्यावर बंद होणारी झडप, पंखावरची उभी पट्टी, वैमानिकाच्या खांद्यावरचा पट्टा, हे सगळं खऱ्या मापात पाच सेंटिमीटर जाडीचं झालं.

एकदा हा हिशेब मनात बसला की प्लास्टिकचं विमान पूर्वीसारखं दिसत नाही. आकार बरोबर असतो, रंग बरोबर असतो, तरी ते घडवलेलं वाटत नाही, ओतलेलं वाटतं. विमान तर पत्र्याचं असतं. पत्रा कापून, दुमडून, भोकं पाडून, रिव्हेटांनी सांधून ते उभं राहतं. हे पत्रेपण प्रतिकृतीत परत आणण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे छोट्या विमानातही पत्राच वापरणं. फोटो-एचिंगने कोरलेले धातूचे भाग त्यासाठी आहेत. आमच्या मंडळींत त्यांना थोडक्यात ‘पीई’ म्हणतात.

पाकीट उघडलं की पितळेचा, कधी निकेल सिल्व्हरचा किंवा पोलादाचा एक छोटा पत्रा हातात येतो. जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर. चौकटीच्या आत ओळीने भाग लावलेले असतात. उपकरण-फलक, आसनाचे पट्टे, बकलं, हातळ्या, जाळ्या, बिजागऱ्या. प्रत्येक भाग एक-दोन केसभर दुव्यांनी चौकटीला धरलेला, आणि शेजारी त्याचा आकडाही धातूतच कोरलेला. या चौकटीला ‘फ्रेट’ म्हणतात. ०.१ मिलिमीटरचा हा पत्रा १:४८ च्या हिशेबाने ४.८ मिलिमीटर होतो, १:७२ च्या हिशेबाने ७.२. म्हणजे खऱ्यापेक्षा तोही जाडच. पण पाच सेंटिमीटरवरून पाच मिलिमीटरवर येणं डोळ्याला पुरतं. कडेवर प्रकाश पडला की ती कड पत्र्याची वाटते.

प्रकाश आणि आम्ल

प्रकाशाच्या मदतीने धातू कोरण्याची कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२० च्या दशकात धातूच्या पत्र्यावर एका खास डांबराचा थर दिला. प्रकाश लागला तिथे डांबर घट्ट झालं, लागला नाही तिथलं द्रावकाने धुऊन निघालं, आणि उघड्या पडलेल्या धातूला आम्लाने खाल्लं. त्याला छपाईचे ठसे हवे होते. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८५२ साली छायाचित्रावरून ठसा कोरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८५८ च्या सुधारित पद्धतीत त्याने पत्रा खाण्यासाठी फेरिक क्लोराइड वापरलं. आज छोट्या विमानांचे पितळी भाग याच रसायनात तयार होतात.

दिवाळी अंकाच्या वाचकाला ही विद्या परकी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. त्या काळापासून ऑफसेट छपाई रुळेपर्यंत आपल्या मासिकांतली बरीचशी चित्रं जस्ताच्या किंवा तांब्याच्या ब्लॉकवरून छापली गेली. ब्लॉक करणारा कारागीर निगेटिव्हमधून पत्र्यावर प्रकाश टाकी, पत्रा आम्लात सोडी आणि चित्राच्या रेषा उभ्या राहत. त्याची मोठी डोकेदुखी एकच होती. आम्ल जसं खाली खातं तसं बाजूलाही खातं, त्यामुळे बारीक रेघ पायथ्याशी पोखरली जाई. म्हणून जस्ताचा पत्रा मध्येच बाहेर काढून रेषांच्या कडांना तांबड्या राळेची पूड लावत, ती तापवून घट्ट करत आणि पत्रा पुन्हा आम्लात सोडत. धातूला बाजूने पोखरण्याचा हा धोका आजच्या फोटो-एचिंगमध्येही तसाच आहे. फक्त त्यावरचा उपाय आता आरेखनात करतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हीच पद्धत इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरली. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने इंग्लंडमध्ये छापील विद्युतमंडलाची कल्पना पुढे नेली. तांब्याचा पातळ थर रसायनाने खाऊन हव्या तेवढ्या वाटा शिल्लक ठेवायच्या. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या अनेकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइडच्या तपकिरी द्रावात तांब्याचा बोर्ड हलवत ठेवलेला असेल आणि शर्टावर त्याचे न जाणारे डाग घरी नेले असतील. रंगीत टीव्हीच्या जुन्या काचनळीत लाखो भोकांचा जो पत्रा असे, तोही असाच कोरलेला. छंदाच्या दुनियेत हे तंत्र उद्योगाकडून आलं. ब्रिटनमधल्या छोट्या रेल्वेगाड्या करणाऱ्यांनी ते लवकर उचललं आणि १९८० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन, बेल्जियम इथल्या लहान उत्पादकांनी विमानांसाठी आणलं.

कृती अशी. पितळेचा पत्रा स्वच्छ करून त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाला प्रतिसाद देणारा पातळ पडदा चिकटवतात. पुढच्या बाजूचं आणि मागच्या बाजूचं, अशी दोन चित्रं फिल्मवर तयार असतात. पूर्वी ती हाताने शाईने मोठी काढून कॅमेऱ्याने लहान करत. आता संगणकावर काढतात. दोन्ही फिल्म एकमेकींशी तंतोतंत जुळवून मध्ये पत्रा ठेवतात आणि अतिनील प्रकाश देतात. प्रकाश लागलेला पडदा घट्ट होतो, बाकीचा सौम्य सोड्याच्या पाण्यात धुऊन जातो. मग दोन्ही बाजूंनी फेरिक क्लोराइडचे फवारे. काही मिनिटांत उघडं पितळ विरघळतं.

यातली खरी हुशारी दोन चित्रांत आहे. जिथे पत्रा दोन्ही बाजूंनी उघडा असतो तिथे तो आरपार जातो. जिथे एकाच बाजूने उघडा असतो तिथे साधारण अर्ध्या जाडीपर्यंत खाल्ला जातो. त्यामुळे एकाच फवाऱ्यात कापही होतो आणि कोरीवकामही. रिव्हेटांची डोकी उभी राहतात, फलकावरच्या चौकटी उठून दिसतात, आणि जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या खोलीची सरळ खाच पडते. रसायन बाजूनेही खाणार हे धरून आरेखक चित्रातली रेघ आधीच थोडी जाड ठेवतो. पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक भोक या पद्धतीने नीट पडत नाही, त्यामुळे जितका नाजूक भाग तितका पातळ पत्रा घ्यावा लागतो.

मोस्ट नावाचं गाव

हे काम जगात अनेक ठिकाणी होतं, पण विमानांच्या बाबतीत त्याचं सर्वांत मोठं नाव चेक प्रजासत्ताकातलं आहे. देशाच्या उत्तरेकडचं मोस्ट हे कोळशाच्या खाणींचं शहर. जमिनीखालच्या कोळशासाठी जुनं शहर जवळजवळ पूर्ण पाडलं गेलं. त्यातलं एक गॉथिक चर्च वाचवण्यासाठी १९७५ मध्ये ते अख्खं उचलून रुळांवरून ८४१ मीटर पलीकडे नेलं. याच मोस्टमध्ये १९८९ साली व्लादिमीर शुल्त्स यांनी एडुआर्ड ही कंपनी सुरू केली. त्याच वर्षाच्या शेवटी तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि छोट्या खासगी उत्पादकाला बाहेरचा बाजार खुला झाला.

एडुआर्डची सुरुवात कोरलेल्या धातूच्या भागांनी झाली, प्लास्टिकचे संच नंतर आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. बहुतेक कंपन्यांसाठी धातूचा पत्रा हा प्लास्टिकच्या संचावरचा अलंकार होता. इथे पत्र्याची समज आधी आली. पुढे शेजारच्या ओब्रनित्से गावात कारखाना उभा राहिला. २००० च्या दशकात या कंपनीने रंग छापलेले पत्रे बाजारात आणले. काळा फलक, त्यावर पांढरे आकडे, लाल बटणं, सगळं आधीच छापलेलं. ज्याचा हात रंगात कच्चा आहे त्यालाही चांगलं कॉकपिट करता येऊ लागलं. पुढे पोलादाच्या आणखी पातळ पत्र्यातले आसनपट्टे आले.

२०११ पासून एडुआर्डने १:४८ मधलं मिग-२१ वेगवेगळ्या उपप्रकारांत काढलं. या विमानाची निवड चेक कंपनीने करावी हे स्वाभाविक होतं. प्रागजवळच्या एरो वोदोखोदी कारखान्यात सोव्हिएत परवान्याखाली मिग-२१ एफ-१३ या प्रकाराची १९४ विमानं बनली होती. आपल्याकडे १९६३ मध्ये हे विमान हवाई दलात आलं आणि मग नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. आधी एफएल, मग एम, मग बिस हे उपप्रकार. इंजिनं कोरापुटहून येत, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादहून, पण विमानाचा सांगाडा आणि पत्रा ओझरचा. महाराष्ट्रातल्या मॉडेल करणाऱ्याने मिग-२१ घ्यावं याला त्यामुळे दुप्पट कारण आहे.

टेबलावर

पत्र्यावरचा भाग सोडवताना खाली कठीण पृष्ठभाग लागतो. काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा उत्तम. रबरी कटिंग मॅटवर कापलं तर पातं दाबताना मॅट दबते आणि भाग दुव्यापाशी वाकतो. पातं सर्जिकल. औषधांच्या किंवा शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारी तीन नंबरची मूठ आणि त्यात बसणारी दहा, अकरा, पंधरा नंबरची पाती पुरतात. दुव्यावर दहा नंबरच्या पात्याची गोलाई टेकवायची आणि डोलवत खाली दाबायची. ओढून कापायचं नाही. भागावर उरलेला टोचा बारीक कानशीने एकाच दिशेने घासायचा. चिमटे आणि पकडी घ्यायला सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानासारखी दुसरी जागा नाही. सपाट, विनादात्यांची पकड तिथे हमखास मिळते आणि पितळावर तिचा ओरखडा उठत नाही.

घडी घालण्याचा नियम असा की कोरलेली खाच आतल्या बाजूला ठेवायची. खाचेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे झुकतात आणि काटकोन आपोआप जमतो. लहान भाग पकडीत धरून वाकतो. लांब भागासाठी एका बाजूला पोलादी पट्टीने घट्ट दाबून दुसऱ्या बाजूखाली रुंद पातं सरकवतात आणि संपूर्ण लांबीने एकदम उचलतात. टोकापासून थोडं थोडं वाकवत गेलं की पत्र्याला पीळ पडतो, तो मग जात नाही. पितळ एकदा वाकवून सरळ केलं आणि पुन्हा वाकवलं की खाचेपाशी तुटतं. म्हणून घडी घालण्याआधी आकृती नीट वाचावी लागते. कुठली घडी आधी, कुठली नंतर, हे उलटं झालं तर डब्याची चौथी भिंत आत शिरतच नाही.

गोलाई द्यायची असेल तर पितळ आधी मऊ करतात. चिमट्यात धरून मेणबत्तीच्या किंवा गॅसच्या ज्योतीवर, मंद लाल दिसेपर्यंत, क्षणभर. कारखान्यात लाटून पातळ करताना पितळात आलेला ताठरपणा उष्णतेने जातो. मग मऊ रबरावर ठेवून ड्रिलच्या दांड्याने लाटलं की पत्रा दांड्याभोवती वळतो. आसनाच्या पट्ट्यांना तर हे करायलाच हवं. खरा पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंद असतो, १:४८ मध्ये तो एका मिलिमीटरला जरा कमी. न तापवलेला पट्टा आसनावर ताठ उभा राहतो. तो खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या उपरण्यासारखा, स्वतःच्या वजनाने पडलेला दिसला पाहिजे. म्हणून आधी बकलातून ओवायचा, मग तापवायचा, मग आसनाच्या कडेवरून चिमट्याने थोडा थोडा दाबत बसवायचा.

यानंतर डिंकाचा प्रश्न. प्लास्टिकच्या संचाला लागणारं सिमेंट प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं, दोन भागांचे रेणू एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. धातूला हे द्रावक काहीच करू शकत नाही. तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट लागतं, म्हणजे घराघरात फेविक्विक म्हणून ओळखला जाणारा प्रकार. या डिंकाचा शोधही लढाईच्या सामानाशी जोडलेला आहे. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमरोखासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेलं रसायन ज्याला लागेल त्याला चिकटत होतं, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये त्याचा चिकटपणा हाच गुण म्हणून पुन्हा लक्षात आला आणि १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हवेतल्या ओलाव्याने ते काही क्षणांत घट्ट होतं. ओढ चांगली सोसतं, पण ठिसूळ असल्यामुळे बाजूने धक्का बसला की सुटतं. म्हणून जिथे धातूची कड नुसती टेकलेली आहे तिथे सांधा अशक्त राहतो. शक्य असेल तिथे प्लास्टिकमध्ये बारीक खाच करून पत्र्याची कड तीत बसवावी. डिंक बाटलीतून थेट लावायचा नाही. काचेवर थेंब काढून सुईच्या टोकाने इवलासा उचलायचा आणि भाग जागेवर टेकवून सांध्याशी स्पर्श करायचा. फटीत तो स्वतःच ओढला जातो. मोठ्या सपाट भागांसाठी अराल्डाइट अधिक बरं, कारण जुळवाजुळव करायला वेळ मिळतो. धातूला धातू जोडायचा असेल तर कथलाचा डाग सर्वांत मजबूत.

धातूचा भाग बसवण्याआधी प्लास्टिकवर त्या जागी असलेलं घडीव काम तासून सपाट करावं लागतं. या पायरीला परतीची वाट नाही. शेवटी रंग. पितळाच्या गुळगुळीत अंगावर मॉडेलचा रंग नखानेही निघतो. म्हणून भाग आधी अल्कोहोलने पुसायचा, तापवून काळवंडला असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवायचा, आणि धातूवर धरणारा प्रायमर पातळ मारायचा. जाड रंग मारला की कोरलेले तपशील बुजतात आणि एवढी खटपट करून मिळवलेली पातळ कड पुन्हा जाड होते.

उपकरण-फलकाची बांधणी स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. जुन्या पद्धतीत फलक पितळेचा, त्यात तबकड्यांच्या जागी गोल भोकं, आणि मागे छापलेल्या तबकड्यांची पारदर्शक फिल्म. फिल्मच्या पाठीला पांढरा रंग दिला की आकडे उजळतात. खऱ्या विमानातली ८० मिलिमीटरची तबकडी इथे १.७ मिलिमीटरची होते. प्रत्येक भोकात चमकदार वार्निशचा एकेक थेंब सोडला की तो फुगीर वाळतो आणि काचेचं काम करतो. खऱ्या विमानातही फलक म्हणजे भोकं पाडलेला पत्राच असतो आणि उपकरणं मागून बसवलेली असतात. प्लास्टिकच्या एकसंध फलकावर ही रचना रंगवून दाखवावी लागते. पितळात ती प्रत्यक्ष उभी राहते.

कुठे लावावा, कुठे लावू नये

एका मोठ्या फ्रेटवर शंभराहून जास्त भाग असू शकतात. ते सगळे लावायलाच हवेत असा एक समज असतो, आणि त्यातून चांगली विमानं बिघडतात. मी मानतो तो नियम असा की मूळ विमानात जे पत्र्याचं होतं ते पत्र्यात करावं, आणि जे गोल, ओतीव किंवा घडीव होतं ते प्लास्टिकमध्ये, तारेत किंवा रेझिनमध्ये राहू द्यावं.

मिग-२१ वर हा नियम लावून पाहू. पंखाच्या वरच्या बाजूला, टोकाजवळ हवेचा थर अडवणारी छोटी उभी पट्टी असते. ती खरीखुरी पत्र्याची आहे, तिथे पितळ हवंच. नाकाच्या बाजूला वाऱ्याचा कोन मोजणारा इवला पंख असतो. तो पातळ आहे, तिथेही पितळ. एअरब्रेकच्या झडपा, चाकांच्या खोबणीतल्या फासळ्या, झाकणाच्या आतली चौकट, आफ्टरबर्नरमधल्या ज्वालाधारकाच्या कड्या, इथे पितळाने विमान जिवंत होतं. आता वैमानिकाच्या हातातली दांडी घ्या. फ्रेटवर तिच्यासाठी पितळी पर्याय असला तरी तो सपाट असतो. समोरून दांडी दिसते, बाजूने पाहिलं की नाहीशी होते. नाकाखालच्या आणि शेपटाच्या बारीक अँटेनाही दांड्याच्या, गोल. तिथे तार वापरावी. कॉकपिटच्या बाजूच्या फलकांवरच्या लहान कळांना डिंकाचा सूक्ष्म थेंब देऊन गोलाई आणता येते, पण हा उपाय मिलिमीटरच्या आतल्या वस्तूंनाच चालतो.

दुसरा प्रश्न भाग दिसणार का, आणि तसा दिसणं खरं का, हा आहे. स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानासाठी पंखाखालच्या फ्लॅपचे सुंदर पितळी संच मिळतात. प्रत्येक फासळी वेगळी दुमडायची, ओळीने बसवायची. हाताच्या कौशल्याची ती परीक्षाच आहे. पण स्पिटफायरचे फ्लॅप हवेच्या दाबावर चालत. त्यांना दोनच स्थिती, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. जमिनीवर ते खाली सोडून उभं राहण्याची पद्धत नव्हती. उतरल्यावर वैमानिक ते वर घेत असे. फ्लॅप खाली सोडलेलं उभं स्पिटफायर म्हणूनच जाणकाराच्या डोळ्याला खटकतं. चांगला भाग हाती असूनही तो न लावणं हे शहाणपण विमान कसं वागत असे ते वाचल्याशिवाय येत नाही.

हा छंद मला अभ्यासाच्या जवळचा वाटतो तो यामुळे. फ्रेटवरचा प्रत्येक भाग प्रश्न विचारतो. ही वस्तू मुळात कशी बनवली होती? वाकवून की लेथवर कातून? ती कोणत्या बाजूला उघडत असे? त्या उपप्रकारात होती का? मिग-२१ एफएलचं झाकण पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, मागून वर उचललं जाणारं होतं आणि त्याचं आसन वेगळं. नंतरच्या एम आणि बिसचं झाकण बाजूला उघडतं, आसनही निराळं. फ्रेट चुकीच्या उपप्रकाराचा घेतला तर कितीही सफाईने दुमडला तरी विमान खोटं होतं.

गेल्या काही वर्षांत त्रिमितीय छपाईने हे क्षेत्र हलवलं आहे. रेझिनमध्ये छापलेली आसनं पट्ट्यांसकट येतात, उंचवटे असलेले छापील फलक चिकटवायचे स्टिकर म्हणून मिळतात. गोल आणि भरीव वस्तूंसाठी हे पितळापेक्षा निःसंशय चांगलं आहे. कॉकपिटमधली पितळाची जागा त्याने घेतली तर वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. पण छापलेली भिंत फार पातळ केली की ती ठिसूळ होते, आणि पत्र्याची कड, जाळी, झडप, पंखावरची पट्टी इथे अजून धातूला पर्याय नाही. जहाजांच्या १:३५० किंवा १:७०० प्रतिकृतींवरचे कठडे आणि रडारच्या जाळ्या पाहिल्या की हे लगेच पटतं.

ओझरचा पत्रा

२०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडमध्ये भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. बासष्ट वर्षांची सेवा संपली. हे विमान दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात पाहता येतं. उडवणाऱ्यांच्या आठवणी आणि युद्धांच्या नोंदी लिहिल्या गेल्या, पुढेही लिहिल्या जातील. ओझरला ज्यांनी त्याचा पत्रा कापला, वाकवला, रिव्हेट मारले, त्यांचं ज्ञान मात्र बहुतेक हातातच राहिलं आहे. नाशिक, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात त्यांतले अनेक निवृत्त कामगार असतील. कुठली फासळी आधी बसायची, कुठल्या पॅनलला भारतात बदल केला, कुठला स्क्रू आपला आणि कुठला सोव्हिएत, हे ते सांगू शकतात. मॉडेल करणाऱ्याला नेमका हाच तपशील हवा असतो, आणि तो विचारणारे लोकही बहुधा मॉडेल करणारेच असतात.

भारतीय विमानांसाठी तयार फ्रेट फार थोडे मिळतात. ओझरच्या एफएलवरचे खास तपशील, किंवा जर्मन आरेखक कुर्ट टँक यांनी बंगळुरूत रचलेलं, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालेलं मारुत हे लढाऊ विमान, यांसाठी परदेशी कंपनीची वाट पाहण्यात अर्थ नाही. मारुत तर पुण्याच्या कमला नेहरू पार्कात येणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं जवळून पाहिलं आहे. त्याच्या चाकांच्या झडपांची मापं घ्यायला फुटपट्टी आणि परवानगी एवढंच लागतं.

फ्रेट घरीही करता येतो. ०.१ मिलिमीटरचा पितळी शिम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. प्रकाशाला प्रतिसाद देणारी फिल्म इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्यांकडे असते, फेरिक क्लोराइडही तिथेच. चित्र संगणकावर दोन थरांत काढायचं, पुढचा आणि मागचा, कोपऱ्यांत जुळणीच्या खुणा देऊन. हे जमणार नसेल तर पितळी नावाच्या पाट्या आणि बिल्ले कोरून देणारे कारागीर प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. त्यांचं काम याच पद्धतीचं. पातळ पत्रा आणि दोन बाजूंची जुळणी एवढं समजावून सांगावं लागेल. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वापरलेला द्राव मोरीत ओतायचा नाही. त्यात विरघळलेलं तांबं मासे, जंतू, झाडं सगळ्यांना घातक असतं. पोलादाचे खिळे किंवा लोखंडी कीस टाकून ठेवला की तांबं खाली बसतं; उरलेल्या द्रावात धुण्याचा सोडा घालून साका वेगळा करायचा आणि तो घातक कचऱ्यात द्यायचा.

पहिला फ्रेट एकाच झडपेचा असला तरी चालेल. झडप मोजताना कळतं की ती आतून दुहेरी आहे, तिच्या आतल्या पत्र्याला वजन कमी करण्यासाठी गोल भोकं आहेत, कडा दुमडलेल्या आहेत, बिजागरीपाशी एक जास्तीचा तुकडा रिव्हेट केलेला आहे. हे सगळं चित्रात काढावं लागतं, आणि काढताना ज्याने ते पहिल्यांदा ठरवलं त्याच्या विचाराचा माग लागतो. ओझरच्या कामगाराकडे जाऊन ‘काका, हा तुकडा इथे का लावायचात?’ असं विचारायला तेव्हा नेमका प्रश्न हातात असतो. नेमक्या प्रश्नाला माणसं नेमकं उत्तर देतात. विमान सेवेतून गेलं आहे, पण ते करणारे लोक आणि त्याचे काही सांगाडे अजून आपल्यात आहेत. ही मापं घेऊन ठेवण्याची वेळ हीच आहे, आणि ते काम दशांश मिलिमीटरच्या पितळात करता येतं.